विमानाखाली उभे राहिलो तो हंगाम

कपाशीच्या पऱ्हाटीले पाती धरली की लोकांले काय काय आठवते. कोणाले आंबाडीची भाजी आठवते, कोणाले माहेर, कोणाले नदीचा पूर. मले एक माणूस आठवते. मी त्याचं वाईट कसं केलं ते आठवते, अन ते कमी पडलं हे आठवते.

परवा पुतण्याच्या वावरात ड्रोन आलं. कृषी केंद्रवाल्यानं आणलं होतं. धुऱ्याच्या बांधावर ठेवलं, हातातल्या डबीचं बटण दाबलं, अन ते भुंग्यासारखं घोंघावत पऱ्हाटीवर चाललं. खालून बारीक फवारा. सारं गाव पाह्याले गोळा झालं. पुतण्यानं मले हाक मारली, "मोठेबाबा, या ना इकडे! पाहा, आता माणूस लागत नाही काही नाही."

मी घरात आलो अन दार लावून घेतलं. वास दाराच्या फटीतून आत आलाच. म्हणतात की आता डबे बदलले, कंपन्या बदलल्या. माझ्या नाकाले काही बदललं नाही. आमी त्याले औषध म्हणतो. पहिल्यापासून औषधच म्हणतो. दुकानात जाऊन कोणी "विष द्या" म्हणत नाही.

माणूस लागत नाही, म्हणे. आमच्या वेळी लागत होता. कौसल्या लागत होती.

कौसल्या माझी बायको. मागच्या चैतात गेली. तिच्या लुगड्यांची पेटी मी अजून उघडली नाही, अन कोणाले उघडूही देत नाही. नातेवाईक म्हणतात, एखाद्या गरिबाले देऊन टाका. मी म्हणतो, आमच्याहून गरीब शोधून आणा मग देतो.

साठ सालानंतरचे ते दिवस. आमच्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली त्याले काही वर्षं झाली होती, अन आमच्या वस्तीत नवीन नवीन ताठ मान आली होती. मी चौथीतून शाळा सोडलेला, पण हाताचा दणकट. लग्न होऊन वरीस-दीड वरीस झालं असंल. त्या हंगामात अळी लई पडली अन अकोल्याच्या एका ठेकेदारानं विमानानं फवारणी सुरू केली. अकोल्याच्या धावपट्टीवर एक लहानसं विमान आलं. पिवळं. पोटात टाकी, पंखाखाली नळ्या. आमचं गाव अकोट रस्त्यावर, धावपट्टीपासून विमानाले पानाले चुना लावेपर्यंतचं अंतर.

त्या विमानाले खाली माणसं लागत. वावर लांबच लांब, वरून सारी पऱ्हाटी एकसारखी दिसते, कुठं फवारलं अन कुठं राहिलं समजत नाही. म्हणून एका धुऱ्यावर मी, दुसऱ्या धुऱ्यावर कौसल्या. दोघांच्या हातात उंच बांबू, त्याले पांढरं फडकं. तिचं फडकं माझ्या जुन्या धोतराचं. विमान तिच्या झेंड्यावर नेम धरून शिरे, पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून नीट माझ्यापर्यंत येई, अन माझ्या डोक्यावरून वर उचले. तेवढ्यात आमी दोघं पावलं टाकत बाजूले सरकलेलो असू, वारा जिकडून येते त्या अंगाले. म्हणजे फवारा मागं पडते, अंगावर येत नाही. मग पुन्हा बांबू उभा. पुन्हा ते माझ्याकडून तिच्याकडे जाई.

एवढ्या लांबून बायकोचं तोंड दिसत नाही. तिचा झेंडा तेवढा दिसे. पण ते विमान तिच्या डोक्यावरून निघून माझ्या डोक्यावर आलं की मले वाटे, हिनंच काहीतरी धाडलं माझ्याकडे. नवीन लग्न होतं. माणसाले काहीही वाटते.

विमान चालवणारा मोहन साहेब. माझ्याच वयाचा, विशीतला. गोरा, नाकावर फुटाण्याएवढा तीळ. पुण्याकडचा. फ्लाइंग क्लबात शिकून नुकताच लायसन घेऊन आलेला. त्याले काही आमच्या पऱ्हाटीशी घेणं नव्हतं, हे त्यानं कधी लपवलं नाही. त्याले मोठ्या कंपनीत जाचं होतं, माणसं नेणारं मोठं विमान चालवाले. पण मोठ्या कंपन्या कोऱ्या पायलटले उभं करत नाहीत. आधी इतके तास उडून या, म्हणतात. अन तास भराचे तर पदरचं पेट्रोल कोण जाळते? म्हणून तो आमच्याकडे आला होता. पेट्रोल ठेकेदाराचं, वावर पाटलाचं, तास याचे.

"तास भरतात म्हणजे कसे, साहेब?" कौसल्यानं एकदा इचारलं. "माठ भरते तसे?"

"तसेच, वहिनी. थेंबाथेंबानं."

"मंग माठ गळका नाही ना, पायलं का?"

तो हसला. हसला की लहान पोरासारखा दिसे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, नाही तर कोणी म्हणंल की म्हाताऱ्यानं राक्षस रंगवला. राक्षस नव्हता. आमच्या घरी जेवला आहे तो. विमान उतरवून मुकादम रहीमभाईच्या सायकलीवर बसून वस्तीत आला, अन खाली पाट नाही काही नाही, घोंगड्यावर मांडी घातली. भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. कौसल्यानं वाढलं. गावातले पाहून गेले. नारायण पाटील दुसऱ्या दिवशी मले म्हणे, "किसन्या, सायब तुमच्यात जेवला म्हणते! आमच्याकडे तर त्यानं निसता चहा घेतला." त्या दिवशी वस्तीचा मान एवढा मोठा झाला की आमी त्याच्यासाठी आगीतही उभे राहिलो असतो. विषात उभे राहिलोच.

एकदा त्यानं मले वर नेलं. अकोल्याहून अमरावतीले विमान न्याचं होतं. पुढच्या जागेवर मले बसवलं, पट्टा आवळला. विमान उचललं तसे मी डोळे गच्च मिटले. मग हळूच डोळे उघडले, तर खाली आपली काळी जमीन. पऱ्हाटीच्या ओळी अशा की तेल लावून फणी फिरवलेले केस. मी वळून ओरडलो, "साहेब, हे सारं आमचंच का हो?" त्याले ऐकू गेलं नाही. तो घड्याळाकडे पाहून राहिला होता.

तेव्हा मले त्याचं काही वाटलं नाही. आता वाटते. मी जमीन पाहत होतो अन तो तास पाहत होता. ज्याले उडाले मिळते, तो खाली पाहत नाही का? पण त्याचं पाहणं आमाले लागत होतं, खाली आमी होतो.

एक गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. साऱ्या झेंडेवाल्यांले ओळीनं उभं करून म्हणाला, "लक्षात ठेवा, झेंडा पडला तर मी पडलो." माणसं जागा सोडू नयेत म्हणून बोलला. आमी काय, आमी विमान पाहिलं होतं कुठं? बैल कासऱ्यावर चालते, मोट सोंदराच्या दोरीवर चालते, मग हे झेंड्यावर चालत असंल. आमच्यातल्या अर्ध्या लोकांले ते खरंच वाटलं. कौसल्याले तर पुरतं खरं वाटलं. बांबूच्या टोकावर त्या पोराचा जीव लटकवला आहे, असं समजून ती उभी राहे. घरी आली की म्हणे, "हात दुखले तरी खाली नाही घेतला मी. त्याची माय वाट पाहत असंल तिकडे."

तिले सातवा लागला होता. आमच्याकडे सातव्यात बाया निंदण करतात, मोळी आणतात. झेंडा धराचा त्यात काय, असंच सारे म्हणाले. मीही.

तो दिवस पोळ्याचा.

पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, सारं गाव घरी. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली पांघरून उभे. आमी दीक्षा घेतल्यापासून पोळा करत नव्हतो. म्हणून कामाले आमीच मोकळे. पाटील म्हणाला होता, "सायब, आजच्या दिवस राहू द्या." साहेब म्हणाला, "उद्याचं कोणी पाहिलं? आभाळ भरून येतंय." मधी दोन-चार दिवस झडीत गेले होते, त्याचे तास अडले होते. अन नागपूरले मोठ्या कंपनीची माणसं उमेदवार पाह्याले येणार होती. तेवढ्यात भराचे होते.

सकाळी वारा बरोबर होता. काही पट्टे झाले अन वारा फिरला. इकडून येत होता तो तिकडून सुटला. आता आमी जिकडे सरकू तिकडेच फवारा. मी झेंडा आडवा केला. आडवा झेंडा म्हणजे थांबा, हेही त्यानंच शिकवलेलं. मी बांबू आडवा धरून नाचलो वावराच्या टोकाले. तो माझ्यावरून गेला, पंख हालवला, अन वळून पुन्हा आला. त्यानं पाहिलं होतं. पंख हालवला म्हणजे पाहिलं.

तिकडे तिचा झेंडा उभाच.

मी बांबू फेकला अन पऱ्हाटीतून पळालो. लांब वावर, काळी चिकण माती, पायाले गोळे. मधी एकदा ते डोक्यावरून गेलं, तोंड कडू झालं. पोहोचलो तर कौसल्या गुडघ्यावर बसली होती. तोंडातून फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. पण दोन्ही हातांनी बांबू मातीत रोवून धरलेला, सरळ. मले पाहून म्हणाली, "धरा हो, झेंडा धरा. सायब वर हाये."

मी तिच्या हाताची बोटं एक एक करून सोडवली. एवढी ताकद तिच्यात होती मले माहीत नव्हतं.

नारायण पाटलानं बंडी काढली. त्याच्या मायनं अंगणातून आरडाओरड केली, "नारायणा, आज जू ठेवू नको रे बाबा, पाप लागन!" पाटील म्हणाला, "लागू दे माय. एका दिवसाचं लागंल." अन रंगवलेल्या शिंगांचे, गोंडे बांधलेले बैल त्यानं पोळ्याच्या दिवशी जुपले, आमच्या बाईसाठी. रस्त्यापर्यंत बैल पळवले, तिथून एस.टी., तिथून अकोल्याचा दवाखाना. झुलीवरचे आरसे उन्हात चमकत होते अन कौसल्या थरथरत होती, एवढंच मले त्या वाटेचं आठवते. पाटील आता नाही. त्याचे बैल होते तोवर दर पोळ्याले कौसल्या त्यांले पुरणाची पोळी चारून ये. मी म्हणो, आपण पोळा करत नाही. ती म्हणे, मी पोळा करून नाही राहिली, मी त्यांले जेवू घालून राहिली.

ती वाचली. पोरगी झाली, मेलेली. केस काळेभोर होते.

पुढं लेकरू काही झालं नाही आमाले. डॉक्टरनं कारण सांगितलं असंल, मी ऐकलं नाही. मले कारण माहीत होतं. त्याच्या नाकावर तीळ होता.

औषध कालवणारा मुकादम रहीमभाई दवाखान्यात आला. त्यालेच इचारलं, साहेब काय म्हणाला. त्याले सांगवेना. मग म्हणाला, "उतरते ही पूछा, झंडे किधर गए? मेरे दो पट्टे छूट गए."

बस. तेवढंच इचारलं त्यानं. अन दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या कामाले उडून गेला.

आता लोक मले म्हणतात, बुवा, तुमचा राग केवढा जुना. विहारात वंदना करतो, पंचशील म्हणतो. तिथं सांगतात की वैर सोडा. मी मान हालवतो, अन घरी येऊन वैर पुन्हा उशाखाली ठेवतो. काहींचा राग तापासारखा, चढते अन उतरते. माझा पऱ्हाटीच्या सोटमुळासारखा आहे, वरून उपटलं तर अर्धा आतच राहते.

मारू म्हटलं असतं तर मारता आलं असतं. कुऱ्हाड घरात होती. पण कुऱ्हाडीनं तो मेला असता, अन वर्तमानपत्रात बिचारा पायलट म्हणून छापून आला असता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून इचार केला, याचा जीव कशात आहे? अंगात नाही. तासांत आहे. मग तेच खाचे.

कौसल्याले माहेरी तिच्या मायजवळ ठेवलं अन परतलो. अकोटाकडची सारी गावं पायी केली. मग एस.टी.नं अमरावतीकडे, नांदगाव खंडेश्वरले. ते तिचं माहेर, तिकडे तिचा भाऊच झेंडा धरत होता. जिथं जिथं त्याचं काम, तिथं तिथं झेंडेवाले गाठले. बहुतेक आपल्याच वस्त्यांचे, काही कुणब्यांची पोरं. भाषण काही मले येत नाही. मी म्हणालो, "माही पोरगी गेली. हा वर असंल तर झेंडा उभा करू नका. दुसरा पायलट आला तर खुशाल उभे राहा."

अकोटाकडचा एक म्हातारा झेंडेवाला चिलीम ओढत बसला होता. चिलीम दगडावर झटकली. मग म्हणाला, "अबे, आपण खाली उभे आहो म्हणून तो वर हाये. हे मले आजच समजलं." अन बांबूवरचं फडकं सोडून त्यानं डोक्याले बांधलं.

शेतकरी बोंबलले. अळी खाऊन राहिली, तुमचं काय मधात! नारायण पाटील चार जणांले घेऊन अकोल्यात जठारपेठेत ठेकेदाराच्या हापिसात गेला. म्हणाला, "माणूस बदला. नाही तर तुमचं इमान बंडीले बांधून आणतो अन तुमच्या दारात उभं करतो. चारा तुमी टाका."

ठेकेदाराले दुसरा माणूस मिळाले वेळ लागला. तोवर विमान बसलं.

ते दिवस! झडी संपली होती. आभाळ असं धुऊन निघालं होतं की डाग नाही. वारा नाही. पायलटनं स्वप्नात पाहावं असं आभाळ. मी भाकर बांधून घेई अन धावपट्टीच्या काठाले निंबाच्या झाडाखाली जाऊन बसे. तो रोज कपडे घालून तयार होई. खाकी पँट, डोळ्यांवर चढवाचा चष्मा. विमानाभोवती फिरे, पंख पुसे, रिकाम्या पिंपावर बसे, आभाळाकडे पाहे, मग माझ्याकडे पाहे. मी भाकर मोडून खात असो. तशी भाकर मले पुढं कधी गोड लागली नाही. आजही सांगतो, नाही लागली.

रहीमभाई म्हणाला, "बस करो किसनभाई. लडका रोता है."

"रोने दो. आवाज कमी पडत असंल तर सांग, मी शिकवतो."

एक दिवस तो चालत माझ्याजवळ आला. उभाच राहिला. "किसन, मला थोडेच तास हवेत रे. ती माणसं नागपुरात थांबणार नाहीत. माझ्या आईनं दुसऱ्यांचे कपडे शिवून मला शिकवलंय."

तोवर मी त्याले तुमी म्हणत होतो. त्या दिवशी नाही म्हटलं. "तुह्या मायनं तुले जितं पायलं ना? मंग तिचं बरं हाये."

"म्हणजे?"

"लेकराचं नाव तरी इचारलं तू?"

 खरंच त्याले समजलं नाही. "कोणतं मूल?"

माझ्या घरी जेवला होता. तिच्या हातचं वाढून घेतलं होतं. वाकून वाढताना ती कंबरेवर हात ठेवत होती, हे आंधळ्याले दिसलं असतं. कोणतं मूल, म्हणे! मी हातातला घास खाली ठेवला अन त्याले म्हणालो, "जा. विमानापाशी जाऊन बस. मले तुह्याकडे पाह्याचं हाये."

त्याले रहीमभाईनं मग सारं सांगितलं असावं. कारण दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. कौसल्या परतली होती, दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. तो उन्हातच उभा राहिला, घोंगडं कोणी टाकलं नाही.

"वहिनी, मला माहीत नव्हतं."

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हणले होते, झेंडा पडला तर तुमी पडान."

"ते तसं नसतं वहिनी. ते म्हणायची पद्धत असते."

"पद्धत." तिनं सूप खाली ठेवलं. "उद्या इमान घेऊन या. एका टोकाले मी धरीन झेंडा."

मी उडालोच. तो गेल्यावर तिच्यावर लई ओरडलो. "येडी झाली का तू? सारी गावं मी बांधून ठेवली, अन तू सोडाले निघाली? त्याले माफ करून राहिली?"

"माफ कोण करते? मले एक पाह्याचं हाये."

"काय पाह्याचं हाये?"

तिनं ज्वारी भरली अन चूल पेटवली.

सकाळी सारं गाव धुऱ्यावर. वारा मेलेला. मी झेंडा धरणार नाही म्हणून सांगितलं होतं, पाटलाजवळ हात बांधून उभा होतो. कौसल्या एकटी, वावराच्या काठावर, बांबू उंच. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या, लुगडंच उभं आहे असं वाटे. आवाज आला. अकोल्याकडून ते पिवळं विमान खाली खाली येत नीट तिच्यावर लागलं. त्याले वाटलं असंल, झालं, सुटलो.

तो जवळ आला, अगदी बाभळीच्या उंचीवर, अन तिनं बांबू खाली ठेवला. फेकला नाही. लेकरू निजवावं तसा आडवा मातीवर ठेवला, अन हात सोडून वर पाहत राहिली.

विमान गचकन वर उठलं. तिच्या डोक्यावरून गेलं, वळलं, पुन्हा आलं. तिनं बांबू उचलला नाही. पुन्हा वर गेलं. तीनदा-चारदा घिरट्या घातल्या त्यानं, भरलेली टाकी घेऊन, घारीसारख्या. मग अकोल्याकडे निघून गेलं, लहान लहान होत, दिसेनासं होईपर्यंत.  

मी जवळ गेलो. तिची मान अजून वर होती.

"नाही पडलं," ती म्हणाली. "पडत नाही ते." मग माझ्याकडे वळली. "मंग मी कायले उभी होती, हो?"

 त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. दवाखान्यात रडली नव्हती, पोरीले माती देताना रडली नव्हती. तिथं वावरात बसून, ढेकळं मुठीत धरून रडली, अन गावातल्या साऱ्या बाया, पाटलाची मायसुद्धा, तिच्याभोवती बसल्या.

त्यानंतर त्याच्यासाठी अख्ख्या टापूत झेंडा उभा झाला नाही. नागपूरची माणसं येऊन गेली. दुसरा पायलट आला, चांगला म्हातारा माणूस, वारा फिरला की उतरून चहा पिणारा. मोहन साहेब सामान घेऊन अकोला टेशनावर गेला, रहीमभाई पोहोचवाले गेला होता. मी बी गेलो होतो. गाडी हालेपर्यंत खिडकीसमोर उभा राहिलो. तो डोकं खाली घालून बसला होता. मी पाहून घेतलं, पोट भरून.

इथं लेख संपवला तर लोकांले बरं वाटंल. गरिबानं मोठ्याले पाणी पाजलं, टाळ्या. पण पुढं काही वर्षांनी रहीमभाई बाजारात भेटला. म्हणाला, तो कुठं दक्षिणेकडे गेला, उसावर फवारणी केली, तास भरले, अन मोठ्या कंपनीत लागला. कॅप्टन झाला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या.

म्हणजे मी काय खाल्लं त्याचं? एक हंगाम. माझ्या पोरीचा जलम गेला, कौसल्याची कूस गेली, अन त्याचा एक हंगाम. अन तिकडे उसाच्या वावरात कोणाच्या बाया उभ्या होत्या, त्यांले त्यानं काय सांगितलं असंल, कोणास ठाऊक.

आमच्या गावावरून मुंबई-कलकत्त्याची विमानं जातात. लई उंचावरून, आवाज मागून येते. कितीतरी वर्षं प्रत्येक विमानाकडे मी मान वर करून पाहिलं. हा असंल. नाही तर हा असंल. वावरात काम टाकून पाहे, जेवता जेवता उठून पाहे. कौसल्या म्हणे, "मान दुखन तुमची. त्याची नाही दुखणार." तिनं स्वतः कधी वर पाहिलं नाही. आवाज आला की ती हातातलं काम करत राही, जरा जोरानं.

तिले शेवटी श्वासाचं दुखणं झालं. डॉक्टर म्हणाला, वय झालं. वय सगळ्यांचं होते. मी डॉक्टरशी भांडलो नाही. ती गेली त्या दिवसापासून मले एक नवीनच समजलं आहे, अन ते समजाले मले एवढं म्हातारं व्हावं लागलं. तेव्हा मले वाटे की त्याचे तास खाल्ले म्हणजे त्याले लागलं. कच्चा होतो मी. ते काही लागणं नव्हतं.

मोहन साहेब, तू माझ्याच वयाचा. जिता असशील तर आता कुठं चांगल्या घरात असशील, सून असंल, नातू असंल, भिंतीवर टोपीतला फोटो असंल. मले तुझी माफी नको. तू मरावं असंही आता वाटत नाही. तू खूप जगावं. अन तुझी बायको तुझ्या आधी गेलेली असावी. सकाळी उठून तू दोन कप काढावेत, चहा गाळावा, हाक मारावी, अन मग एक कप फळीवर परत ठेवून द्यावा. उद्या पुन्हा काढावा.